चौथऱ्यावरची ओळ

रविवार, ४ जानेवारी

केंदूरहून आप्पांचा फोन. दीर असून सासऱ्यासारखे बोलतात. "सुमन, पुतळा आला. सव्वीसला अनावरण. साहेब येतो म्हनलेत, आता तयारीला लागायचं."

साहेब म्हणजे ह्यांच्या पलटणीचे तेव्हाचे कमांडर. आता रिटायर, पुण्यात असतात. वय खूप झालं असेल.

नितीननं पुतळ्याचा फोटो पाठवला. चेहरा ह्यांचा नाही. मिशी जाड केलीय. ह्यांची मिशी कधी नीट आलीच नाही, त्यावरून मी चिडवायची. नितीनला तसं काही लिहिलं नाही, नुसतं 'छान' लिहिलं. त्यानं बाप पाहिलाच आहे कुठं.

खाली चौथऱ्यावर ओळ कोरणार आहेत. नितीननंच निवडली. 'ज्याने "का" असे कधी विचारले नाही.'

मंगळवार, ६ जानेवारी

शाळेत प्रॅक्टिकलची गडबड. दिवसभर परीक्षानळ्या धुतल्या. एक फुटली, बोटाला लागलं थोडं. लॅबचे सर म्हणाले, लक्ष कुठं आहे मावशी.

त्या ओळीत होतं.

हे लढाईत गेल्यावर साहेब स्वतः केंदूरला आले होते. ओट्यावर मामंजींच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, तुमच्या मुलानं, त्याच्याबरोबरच्या कुणीही, एकदासुद्धा का असं विचारलं नाही. हुकूम मिळाला आणि निघाले. असे जवान नशिबानं मिळतात. मी आत दाराशी उभी, नितीन कडेवर. मामंजींनी मान ताठ केली ती मरेपर्यंत तशीच ठेवली. मग ते वाक्य गावाचं झालं. पंधरा ऑगस्टला शाळेतली पोरं पाठ म्हणतात.

मला ते कधीच सहन झालं नाही. कुणाला बोलले नाही. वहीतही आज पहिल्यांदा लिहितेय. एवढं काय हो, एकदा विचारायचं होतंत की. घरात वर्षाचं पोर होतं. सगळे म्हणायचे केवढा शूर. मला वाटायचं, इतकं सोपं होतं का ह्यांना. आम्ही आठवलोच नाही का.

पंचवीस-सव्वीस वर्षं हा राग ठेवलाय. फोटोला हार घालताना पण असतो.

गुरुवार, ८ जानेवारी

नितीन कंपनी सुटल्यावर कारेगावहून आला. त्याला स्टेजवर त्या लढाईतला एक तरी माणूस हवाय. जवळपास एकच आहे, दौंडचे इस्माईल तांबोळी. ह्यांच्या तुकडीत होते. ह्यांच्या पत्रांत नाव असायचं, इस्माईलनं असं केलं, इस्माईल तसं म्हणाला. पण नंतर कधी भेटायला आले नाहीत. नितीनचा फोन दोनदा घेतला, दोन्ही वेळा बघतो म्हणाले.

"आई, तू गेलीस तर न्हाई म्हननार न्हाईत."

नाही म्हणता येईना. या कार्यक्रमासाठी पोरानं सगळ्या सुट्ट्या घालवल्यात. त्याला बापाकडून तेवढं ते वाक्यच मिळालंय.

रविवार, ११ जानेवारी

दौंडला जाऊन आले. शिरूर-दौंड गाडी, येताना उभ्यानं.

लिहवत नाही. उद्या.

सोमवार, १२ जानेवारी

शाळेत गेले नाही. डोकं दुखतंय कळवलं.

कालचं लिहिते. जसं झालं तसं.

इस्माईलभाऊंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मागं घर. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, तरी तार भराभर गुंडाळत होते. मी नाव सांगितलं तसा हात थांबला. उठून उभे राहिले. कितीतरी वेळ बसलेच नाहीत. त्यांच्या मंडळींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पत्रिका पुढं केली. घेतली नाही.

"वहिनी, मी न्हाई येनार. राग मानू नका."

म्हटलं, पोराची फार इच्छा आहे.

"स्टेजवर बसलो म्हंजी साहेब ते बोलनार. आन् मला मान हलवावी लागंल. एकदा हलवलीय. परत न्हाई व्हायचं माझ्यानं."

"काय बोलणार?"

"का विचारलं न्हाई म्हनून."

"मग?"

त्यांनी मंडळींकडं बघितलं. त्या उठून आत गेल्या.

"संपतनं विचारलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. कुठला संपत, असं वाटलं. इतकी वर्षं ह्यांचं नाव असं कुणी नुसतं घेतलेलं नाही. शहीद लावूनच घेतात.

मग सांगितलं. तुकडी खडकाच्या आडोशाला होती. वर शत्रू, मधी सगळं उघडं. रात्री अंधारात चढायचं ठरलं होतं. लेफ्टनंट साहेबांना पोटात लागलं होतं, ह्यांनी त्यांना ओढत आडोशाला आणलं, म्हणून तुकडी ह्यांच्याकडं आली. वायरलेस इ.भाऊंच्या पाठीवर. दुपारी खालून हुकूम आला, आत्ता निघा, संध्याकाळच्या आत शिखर पाहिजे.

"संपतनं माझ्या हातातनं सेट घेतला. म्हनला, साहेब, उजेडात का? अंधार पडू द्या. सगळी पोरं जातील."

"असंच म्हणाले? मराठीत?"

"व्हय. गडबडीत मराठीच आली तोंडात. साहेब बी मराठी, त्यांना समजलंच."

"मग काय म्हणाले ते?"

"आधी नुसती खरखर. मला वाटलं सेट गेला. मग म्हनले, हुकूम हाय. निघा. संपतनं परत विचारलं, का पन साहेब? तवा काय उत्तर आलं न्हाई."

"मग?"

"मग मला म्हनला, इस्माईल, पट्टा घट्ट कर. आन् उठला."

शिखर मिळालं. वर पोचले ते थोडे. हे अर्ध्यातच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी उरलेल्यांना रांगेत उभं केलं. "आमच्या अंगावरचं रक्त बी धुतलं नव्हतं. साहेब म्हनले, तुम्ही शेर हाय. एकानं बी का विचारलं न्हाई. बोलताना माझ्याकडं बघत व्हते, वहिनी. सेट कुनाच्या पाठीवर व्हता त्यांना ठावं व्हतं. सगळ्यांनी घोषना दिली. म्या बी दिली. आन् खोटं न्हाई सांगत, साहेबांना बी रडू येत व्हतं."

म्हणून ते केंदूरला कधी आले नाहीत. "तुमच्या सासऱ्यांसमोर काय बोलनार व्हतो. ते अभिमानानं सांगनार, आन् मी ऐकत बसनार."

निघताना मंडळींनी डब्यात शेवया बांधून दिल्या. पत्रिका तिथंच टेबलावर ठेवून आले.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या बाईंनी तिळगूळ आणून दिला. वाणाला नेहमीसारखं बोलावलं, "तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही वीरपत्नी." गेले नाही.

ह्यांना यायचं होतं.

घरी यायचं होतं. दोनदा विचारलं. थोडा अंधार मागत होते.

आणि मी रोज फोटोसमोर मनात भांडत होते. का विचारलं नाहीत म्हणून. तुम्ही काही म्हणायला नव्हता आणि मला कुणी सांगितलं नाही.

आता राग कुणावर ठेवू. इतकी वर्षं तो ठेवायला जागा होती.

शुक्रवार, १६ जानेवारी

नितीनला फोन केला. म्हटलं, ती ओळ काढ.

"कोरून झालं आई. काल बसवलं पन."

"तरी काढ."

"का?"

सांगितलं. फोनवर सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. मागं कंपनीतल्या मशीनचा आवाज.

मग म्हणाला, "म्हंजी पप्पा घाबरले असं म्हनायचंय का त्यांना?"

मी म्हटलं, घाबरले नाहीत रे. विचारलं.

"एकच झालं. आन् पंचवीस वर्षं गप बसलेल्या मानसाला आत्ताच कशी आठवन आली?"

संध्याकाळी आप्पांचा फोन. नितीननं त्यांना सांगितलेलं. "त्या तांबोळ्याचं काय धरून बसलीस तू? असले लोक..." पुढचं मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, आप्पा, त्यांची दोन बोटं त्याच डोंगरावर पडलीत. फोन ठेवला. दिरांना असं कधी बोलले नव्हते.

पोराला काय सांगायचं होतं ते आता सुचतंय. ह्यांनी स्वतःसाठी नाही विचारलं, पोरं जातील म्हणाले. आणि उत्तर आलं नाही तरी पहिले स्वतः उठले. विचारून गेलेला माणूस कमी कसा रे.



बुधवार, २१ जानेवारी

मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, सव्वीसला आधी शाळेत दोन शब्द बोला ना, मुलांना प्रेरणा मिळेल. गावाला जायचंय सांगितलं.

जेवण जात नाही. भात शिजवते आणि मांजराला घालते.

त्या दुपारी मी काय करत असेन. हे डोक्यातून जात नाही. बहुतेक नितीनला न्हाऊ घातलं असेल. नाहीतर झोपले पण असेन.

रविवार, २५ जानेवारी

केंदूर. मुक्काम आप्पांकडं.

शाळेच्या पटांगणात मांडव, पताका, खुर्च्या. पुतळ्यावर भगवं कापड. नितीन साऊंडवाल्याशी बोलत होता. माझ्या पाया पडला, पण डोळ्याला डोळा दिला नाही. सूनबाई म्हणाली, "आई, ते जेवत नाहीत नीट. तुमच्यात काय झालंय?" म्हटलं, काही नाही, धावपळ.

चौथऱ्याजवळ कुणी नव्हतं तेव्हा गेले. काळा दगड, सोनेरी अक्षरं. कोरलंय मात्र सुबक. 'का' या अक्षरावर बोट फिरवलं. धार आहे अजून.

आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. ताट मात्र स्वतः आणून ठेवलं पुढ्यात.

मंगळवार, २७ जानेवारी

काल जमलं नाही. आज शिरूरला परत आले, आता लिहिते.

साहेब वेळेच्या आधीच आले. वाटेत वढूला समाधीचं दर्शन घेऊन. मुलगी गाडी चालवत होती. फार वाकलेत. हातात काठी, कानात मशीन, कोटावर पदकं. मांडवात न जाता आधी आप्पांच्या घरी आले आणि म्हणाले, संपतच्या मिसेस कुठे आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय. सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मुलीला पण.

आतल्या खोलीत पलंगावर बसले. पोहे नको म्हणाले. बिनसाखरेचा चहा घेतला.

"कशा आहात?"

"बरी आहे. साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"ह्यांनी विचारलं होतं ना तुम्हाला? उजेडात का, म्हणून?"

बाहेर माईकवर हॅलो हॅलो चाललेलं. ते कानातल्या मशीनशी चाळा करत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, जरा मोठ्यानं.

"ऐकू आलं मला."

मग म्हणाले, "सेट तांबोळीकडे होता." मला विचारत नव्हते.

"हो."

"आवाज आठवतो मला. अजून येतो कानात. कानातलं हे काढून ठेवलं तरी येतो."

मी म्हटलं, "मग दुसऱ्या दिवशी असं का बोललात?"

"उरलेल्यांना परत चढवायचं होतं. पुढची टेकडी होती. पोरं उभी राहत नव्हती, ताई. मी त्यांना काय सांगायला हवं होतं?"



"आणि माझ्या सासऱ्यांना? त्यांना कुठं चढवायचं होतं?"

कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. मी पुसायला गेले तर राहू द्या म्हणाले. नंतर खूप हळू बोलले, "दुपारी मला वरून सांगितलं, आजच हवंय. मी येस सर म्हटलं. मी विचारलं नाही."

आणखी बोलले असते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आप्पा दारात, "साहेब, चला, पाव्हनं खोळंबलेत."

मांडव भरलेला. कापड नितीनच्या हातानं ओढलं. टाळ्या, घोषणा. मग साहेब बोलायला उभे राहिले. कागद नव्हता. लढाईत गेलेल्या सगळ्यांची नावं, गावं तोंडपाठ म्हटली, एकदाही अडखळले नाहीत. ह्यांनी लेफ्टनंट साहेबांना कसं ओढत आणलं ते सांगितलं. कुणी पाण्याची शेवटची बाटली कुणाला दिली ते सांगितलं. एक पोरगं वर जाताना गाणं म्हणत होतं ते सांगितलं. यात खोटं काही नसावं. बायका रडत होत्या. मीही रडले. ह्यांच्याबद्दल इतकं चांगलं, इतकं बारीक कुणीच कधी बोललेलं नाही.

मग थांबले. माझ्याकडं बघितलं. आता सांगतात, असं वाटलं. खरंच वाटलं, पदर घट्ट धरला मी. नंतर त्यांनी पुढच्या रांगेत बघितलं. नितीन बसलेला, पांढरा शर्ट, हात गुडघ्यावर, छाती पुढं. शाळेतल्या पोरासारखा. त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

साहेब म्हणाले, "आणि एकानंही का असं विचारलं नाही."

आवाज बसला होता त्यांचा. लोकांना वाटलं गहिवरले. सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

माझे पण हात वाजले. आपोआप.

इ.भाऊ आले नव्हते.

गुरुवार, २९ जानेवारी

नितीनचा फोन. व्हिडिओ पाठवलाय, बघ म्हणाला. बघितला नाही.

"साहेब घरात काय बोलले तुझ्याशी?"

"काय नाही. तब्येतीचं विचारलं."

"एवढा वेळ?"

"हो."

त्या मांडवात मला कळून चुकलं. साहेब परत खोटं बोलले ते पोराच्या तोंडाकडं बघून. मीही आज तेच केलं. आता ते वाक्य मोडायचं तर माझ्याच पोराच्या अंगावर पडणार. म्हणून मामंजींना नाही सांगितलं, मला नाही सांगितलं. त्याला मी सांगितलं ते त्यानं मानलं नाही. नातू विचारील तेव्हा त्यालाही नाही. दगडावर ते तसंच राहील आणि ह्यांनी विचारलेलं दोन म्हाताऱ्यांबरोबर जाईल. मग माझ्याबरोबर.

पुतळ्याला रोज हार घालायला आप्पांनी माणूस लावलाय.

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळी दार वाजलं. नितीन. एकटाच, मोटारसायकलवर. चहा ठेवला. तो ओट्याला टेकून उभा राहिला, बसला नाही.

"आई, साहेब जाताना मी गाडीपाशी पाया पडलो. मी म्हनलो, साहेब, उपकार झाले. तर त्यांनी माझा हात धरला, सोडंनात. म्हनले, आवाज अगदी त्याचा आहे तुझा."

मी दुधाकडं बघत होते.

"मी इचारलं, तुम्हाला पप्पांचा आवाज आठवतो? तर काच वर केली आन् गाडी गेली."

"बरं."

"आई, अख्खी पलटन त्यांच्या हाताखाली. त्यात पप्पा साधे नाईक. कमांडरनं पप्पांचा आवाज ऐकला कुठं?"

दूध उतू गेलं. तोच पुढं झाला, गॅस बंद केला. पुसून पण काढलं. परत विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघत होता. मांडवात साहेबांकडं बघत होता तसं नाही. हा नितीन मला नवीन होता. एकदम वय झाल्यासारखा.

मी म्हटलं, "दौंडला स्टेशनपासून लांब नाही. मोटर वाइंडिंगचं दुकान. कुणीही सांगेल."

चहा न घेताच गेला.

दुपार कलली. फोन लावला तर लागत नाही. पोचला असणार केव्हाच. इ.भाऊंना फोन करून सांगावं वाटलं, पोराला जपून सांगा. नंबर काढला आणि ठेवून दिला. यात जपून सांगण्यासारखं काय आहे.

परत काढला. आता वाटतंय म्हणावं, काही सांगूच नका. काही आठवत नाही म्हणा, चहा पाजून लावून द्या.

रिंग जातेय. उचलत नाहीत.